चार हजार एकशे बाराची आघाडी

बुधवारी सकाळी सहाला मार्लिस उगाल्देने फाइल उघडली आणि क्षणभर तिला वाटलं की ही कालचीच आहे, कारण आगाऊ मतदानाच्या बाराव्या दिवशी सगळ्या सकाळी एकसारख्याच दिसायला लागतात, तोच लॅपटॉप, तीच पेट्रोलपंपावरची कॉफी, तीच पाठीत कळ, आणि समोर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कचेरीने टाकलेली तीच लांबलचक यादी, की काल कोणी कोणी मत दिलं, वय किती, राहतात कुठे आणि नावापुढे पक्ष कोणता, निळा की लाल, कारण इथे मतदार यादीत नाव घालतानाच पक्षही लिहितात. मत कोणाला दिलं ते त्यात नसतं, ते कोणालाच कळत नाही, पण बाकी सगळं असतं. आणि या बाकी सगळ्यावरून येत्या मंगळवारी, मुख्य मतदानाच्या दिवशी, कोण जिंकणार ते आजच सांगून टाकायचं, हे मार्लिसचं निळ्यांच्या कचेरीतलं काम. सहा निवडणुका ती हेच करत होती. नेवाडाचं कसं आहे, हे राज्य कधी या कुशीवर झोपेल, कधी त्या, कोणी सांगू शकत नाही, म्हणून अख्ख्या देशाचे डोळे इथे. त्यातही लास व्हेगास निळ्यांचं, वाळवंटातली छोटी गावं लालांची, उरलं काय, तर रीनो आणि स्पार्क्स ही जोडगावं. म्हणजे मार्लिसची काउंटी.

तिने वजाबाकी केली. निळ्या लोकांच्या मतपत्रिका वजा लाल लोकांच्या. चार हजार एकशे बारा.

परत केली. चार हजार एकशे बाराच.

सहा निवडणुकांत बाराव्या दिवशी निळे इथे एवढे पुढे कधी नव्हते. खरं तर तिने खुर्चीतून उठून नाचायला हवं होतं. तिने कॉफीचा घोट घेतला, कॉफी गार होती, तीच प्यायली आणि आकडा कर्टिसला पाठवून दिला.

कर्टिस हॅलोरन म्हणजे निळ्यांचा इथला प्रचारप्रमुख. मार्लिसहून चौदा वर्षांनी लहान, वॉशिंग्टनहून सप्टेंबरात आलेला, हॉटेलात राहणारा आणि डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला अजून रोज शिव्या घालणारा. त्याचा फोन चौथ्या मिनिटाला.

"चार हजार? तू झोपेत तर नाहीस ना?"

"झोपले असते तर बरं झालं असतं."

"म्हणजे काउंटी खिशात."

"पुढे आहोत."

"खिशात की पुढे? एक काय ते सांग बाई, सातला टीव्हीवाले येतायत माझ्याकडे."

आता इथे तिला म्हणता आलं असतं की थांब, अजून दोन दिवस जाऊ देत, पोस्टाच्या मतपत्रिका यायच्यात, हे लोक नेमके कोण ते मला बघू दे. आलं होतं तोंडात. पण त्यावर त्याने आणखी चार प्रश्न विचारले असते, त्या चारांची उत्तरं द्यावी लागली असती, आणि बारा दिवस रोज चार-पाच तास झोपलेल्या माणसाला ना, एका शब्दात संपत असेल तर तो शब्द फार गोड लागतो.

"खिशात," मार्लिस म्हणाली.

नऊ वाजता कर्टिसने ठरवूनसुद्धा टाकलं. स्पार्क्समध्ये दारोदार फिरणारी चाळीस माणसं आणि तीन व्हॅन दुपारी लास व्हेगासला जाणार. सात तासांचा रस्ता. जिथे जिंकलोच आहोत तिथे दारं कशाला वाजवायची, असा त्याचा हिशेब, आणि आकडा खरा असेल तर हिशेब चुकीचाही नव्हता.

फक्त एक होतं. ती चाळीस माणसं ज्या गल्ल्यांतून फिरत होती, त्या रोसाल्बाच्या गल्ल्या होत्या.

रोसाल्बा किंतानार. रीनोच्या एका मोठ्या कसिनो-हॉटेलात एकोणीस वर्षं खोल्या आवरणारी, तिथल्या युनियनची पुढारी, आणि या वेळी स्पार्क्समधून राज्याच्या विधानसभेला निळ्यांकडून उभी. समोर जमिनीची दलाली करणारा एक गृहस्थ, ज्याचा दात काढून हसणारा फोटो प्रत्येक बसथांब्यावर. मार्लिस आणि ती बावीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी. दोघी त्याआधी दुसऱ्या एका हॉटेलात एकत्र होत्या, मार्लिस तेव्हा रात्रपाळीला हिशेबनीस होती.

दहा वाजता रोसाल्बा कचेरीत आली, हातात मक्याच्या पानात उकडलेल्या तमाल्यांचा डबा, अंगावर प्रचाराचा निळा टीशर्ट आणि वर तिचा नेहमीचा जाडजूड स्वेटर. आली ती सरळ मार्लिसच्या टेबलावरच बसली.

"तो पोरगा माझी माणसं नेतोय म्हणे."

"नेतोय."

"तुझ्या आकड्यावरून."

"हो."

"हे बघ," रोसाल्बा म्हणाली, "मी टीव्हीचं ऐकत नाही, त्या पोराचंही ऐकत नाही, त्याला धड जाकीट घालता येत नाही या थंडीत. मी तुझं ऐकते. तू सांग. लागतील का मला ती माणसं?"

"नाही लागणार."

"पक्कं?"

"पक्कं गं."

"मग जाऊ देत," ती म्हणाली, आणि डबा उघडला. "खा. तुझं तोंड बघितलंस का आरशात? आमच्या धुण्यात पिळून आलेल्या चादरी बऱ्या दिसतात."

दुपारी एकला व्हॅन निघाल्या. त्याच वेळी मार्लिस आईला घेऊन मत द्यायला गेली, कारण आठवड्यातला तेवढा एक तास तिच्याकडे रिकामा होता आणि आईला पोस्टाने मत पाठवायचं नव्हतं. आईचं म्हणणं, मत द्यायला माणसाने केस नीट करून जावं.

स्पार्क्समध्ये आगाऊ मतदान या वेळी सुपरमार्केटात होतं. आत शिरलं की डाव्या हाताला नाणी गिळणारी जुगाराची यंत्रं, उजव्या हाताला भोपळ्यांचा ढीग, आणि मधे टेबलं मांडून निवडणुकीची माणसं बसलेली. रांग लांब होती आणि रांगेत सगळे म्हातारे. म्हणजे अगदी सगळे. आणि मार्लिसला एकेक चेहरा ओळखू यायला लागला, कारण हे सगळे रेल्वेच्या यार्डातले होते, तिच्या वडिलांबरोबर काम केलेले, किंवा त्यांच्या बायका, किंवा आता विधवा. स्पार्क्स हे गावच रेल्वेने वसवलेलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ही मंडळी भेटली की आई अजूनही पहिल्यांदा त्यांचीच खुशाली सांगायची, म्हणजे थडग्याची, की गवत कसं आलंय.

"काय गं पोरी," पुढून आवाज आला. व्हर्न टिबेट्स. एक्याऐंशी वर्षांचा, मालगाडीचा गार्ड होता. "अजून मोजतेस का आम्हाला?"

"मोजावं लागतं, काका."

"मग मला डबल धर. मी दोघांचं जेवतो."

"तू तिघांचं जेवतोस," आई म्हणाली.

"तुझी ती यादी मला काय म्हणते? निळा?"

"निळाच म्हणते."

"बरोबर. अडुसष्ट सालापासून." व्हर्नकाका वळून पूर्ण तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, गोष्ट सांगायची असली की तो असाच उभा राहायचा. "जेवणाच्या सुट्टीत युनियनवाला आला, अख्ख्या यार्डाचे फॉर्म त्याने एका बाकड्यावर भरले, पक्षाच्या जागी स्वतःच लिहून टाकलं, आम्ही हात पुसून सह्या केल्या. तुझ्या बापाने माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. आणि निळ्याला शेवटचं मत दिलं त्याला झाली वीस वर्षं."

मार्लिस हसत होती. ती थांबली.

"मग बदललं का नाही?"

"काय?"

"यादीतला पक्ष."

"कशाला? मत मला हवं त्याला देता येतं की. ते रकान्यात लिहिलंय ते माझ्या लग्नाच्या सर्टिफिकेटासारखं आहे. बायको जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून मी ते फाडलं का?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. मागून एक बाई म्हणाली की तो एकटा नाही, आमच्याकडेही तसंच, ह्यांनी जाताना बजावलं होतं की नाव काढू नकोस, युनियनने आपलं घर उभं केलंय. व्हर्नकाकाला हुरूप आला. त्याने काठी वर केली आणि यार्डात गाडी सुटताना ओरडायचा त्या आवाजात विचारलं, "इथे कागदावरचे निळे किती? हात वर करा."

हात वर आले. मार्लिसने सवयीने मोजले. अकरा.

"आता त्यातले जे लालांना..."

"आजोबा," टेबलामागची मुलगी उठून आली, "इथे असलं बोलायचं नसतं. बाहेर काढावं लागेल तुम्हाला."

"मी मालगाडीतून बाहेर पडलो नाही कधी," काका म्हणाला, पण गप्प बसला, आणि हात खाली आले. फक्त दुसरा प्रश्न अर्धा कानावर पडूनही पाच हात जरा रेंगाळले. एखाद्या सेकंदाने उशिरा खाली आले. मार्लिसने तेही मोजले.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आई, तू कोणाला दिलंस?"

आईने पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. "तुझ्या बापाला पन्नास वर्षं सांगितलं नाही मी. तुला सांगीन?"

संध्याकाळी चारला मार्लिस परत टेबलापाशी होती. कचेरी रिकामी, चाळीस माणसांची जाकिटं खुंट्यांवरून गेलेली. तिने यादी चाळून काढली. निळे, पासष्टच्या पुढचे, रेल्वेच्या जुन्या वस्त्यांतले. सहा हजार दोनशे निघाले. एवढे म्हातारे बाराव्या दिवसापर्यंत कधीच मत देऊन मोकळे झालेले नसायचे, ते नेहमी मंगळवारीच यायचे, केस नीट करून. या वेळी सुपरमार्केटात सोय झाली म्हणून आधी आले. बस, एवढंच. तिची आघाडी आघाडी नव्हतीच. मंगळवारची रांग बुधवारी लागली होती.

आणि त्यातले तिघांत एक जरी व्हर्नकाका धरले, रांगेत तर जवळजवळ अर्धे होते, तरी दोन हजार सदुसष्ट. एक मत इकडून तिकडे गेलं की फरक दोनाने बदलतो. चार हजार एकशे चौतीस.

चार हजार एकशे बारा वजा चार हजार एकशे चौतीस. उणे बावीस.

बराच वेळ ती त्या उण्याच्या आडव्या रेघेकडे बघत बसली. वाईट काय वाटलं माहितीये का, की हे तिला माहीत होतं. तिचा स्वतःचा बाप मरेपर्यंत कागदावर निळा होता आणि टीव्हीसमोर बसून निळ्यांना शिव्या घालायचा. तिच्याइतकं हे कोणाला कळणार होतं. कर्टिसला नसेल कळलं, तो बाहेरचा. ती इथेच जन्मलेली.

तिने फोन केला. कर्टिस विमानतळावर होता, तो विमानानेच जाणार होता व्हेगासला.

"ती माणसं परत पाठव," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं, बाकड्यापासून हातांपर्यंत.

"मार्लिस, तू मला सुपरमार्केटातल्या अकरा म्हाताऱ्यांबद्दल सांगतेयस."

"सहा हजार दोनशे म्हाताऱ्यांबद्दल."

"शेवटच्या आठवड्यात आपण मोजायची पद्धत बदलत नाही. सगळे घाबरतात, मग सगळेच बदलायला लागतात. आणि आकडा टीव्हीवर गेलाय, सकाळपासून चालवतायत ते. तू झोप जरा. खरंच झोप."

"निदान वीस माणसं."

"ती आता अर्ध्या वाटेवर, टोनोपाच्या पुढे गेली असतील," कर्टिस म्हणाला, आणि त्याच्या विमानाची वेळ झाली.

मार्लिस झोपली नाही, आणि तिने रोसाल्बाला सांगितलंही नाही. उद्या सांगू, असं स्वतःशी म्हणाली. खरं म्हणजे तिच्या अंगात सांगण्याइतका जोर नव्हता, आणि रोसाल्बाचा तो 'पक्कं?' तिला पुन्हा ऐकायचा नव्हता.

गुरुवारी दुपारी दोघी मिळून दारं वाजवायला निघाल्या. रोसाल्बाला वाटलं मैत्रीण हवा खायला आलीय. गोदामांच्या मागच्या नव्या भाड्याच्या इमारती होत्या, बॅटरीच्या कारखान्यात आणि गोदामांत पाळ्या करणारी तरुण पोरं राहतात तिथे. यादीत या सगळ्यांपुढे कुठलाच पक्ष नाही. बिनपक्षी. कारण आता गाडीचं लायसन काढायला गेलं की नाव आपोआप मतदार यादीत पडतं, आणि पक्ष लिहिला नाही की कोरा रकाना. मार्लिसच्या वजाबाकीत ही पोरं कुठेच नव्हती. ना वरच्या ओळीत, ना खालच्या.

दुसऱ्या मजल्यावर एका मुलीने दार उघडलं. केल्सी, वय तेवीस, केस ओले, पाळीवर निघालेली. रोसाल्बाने नाव सांगितलं, काय करते सांगितलं, भाड्याचं बोलली, पाळ्यांचं बोलली. मुलीने ऐकून घेतलं. तिला पटलेलं दिसत होतं. इथे सगळ्यांना पोस्टाने घरी येते ती मतपत्रिका फ्रिजवर पडलेली दारातून दिसत होती, पिझ्झ्याच्या जाहिरातींखाली.

"मी तुमच्याच बाजूची आहे हो," केल्सी म्हणाली. "पण आता गरज कुठेय? काल टीव्हीवर सांगितलं ना. चार हजार का कितीने जिंकलायत तुम्ही इथे."

रोसाल्बा हसत म्हणाली, "पुढे आहोत, जिंकलो नाही अजून."

"तेच ते. मग माझ्या एकटीच्या मताने काय होणारे? सही करा, पाकीट चिकटवा, पेटी शोधा." तिने बूट चढवले. "तुम्हाला शुभेच्छा बरं का. मस्त वाटलं ऐकून."

पुढच्या सात दारांपैकी तीन दारांवर तेच. शब्द वेगळे, चार हजार तोच. एकाने तर पाच हजार सांगितले.

जिन्यात मार्लिस खाली बसली. मधल्या पायरीवरच. रोसाल्बा दोन पायऱ्या पुढे गेली होती, वळून बघितलं.

"गुडघा?"

"नाही. बस जरा इथे." आणि मग तिने सांगितलं. व्हर्नकाका, हात, सहा हजार दोनशे, उणे बावीस. कालच कळलं हेही सांगितलं.

रोसाल्बा ऐकत होती. वाऱ्याने खालचं फाटक आपटत होतं.

"काल कधी?"

"चारला."

"मी काल सातला तुला फोन केला होता. तू म्हणालीस टीव्हीवर काहीतरी बघतेय."

"हो."

"काय बघत होतीस?"

"काही नाही. टीव्ही बंद होता."

स्वेटरच्या बाहीवरचा एक धागा रोसाल्बाने ओढला, तोडला. मग म्हणाली, "या जिन्यात अजून नऊ दारं आहेत. ऊठ."

शुक्रवार आगाऊ मतदानाचा शेवटचा दिवस. मार्लिस रोज सकाळी एक पत्रक पाठवायची, सहाशेएक लोकांना, त्यात बातमीदार, दोन्ही पक्षांची माणसं, प्राध्यापक, हौशी मंडळी, सगळे. कर्टिस आधी वाचायचा, मग ते जायचं. त्या सकाळी तिने त्याच्याकडे पाठवलं नाही. पत्रकात चारच ओळी होत्या. की बुधवारचा आकडा मी दिला होता. तो चुकीचा होता. कागदावरचे निळे आणि खरे निळे मी एक धरले. ही काउंटी कोणाच्याही खिशात नाही, आज बहुतेक बरोबरीत आहे, आणि ज्यांची मतपत्रिका घरी पडलीय त्यांच्यावर सगळं आहे.

बटण दाबताना तिला फक्त वाटलं, हे बुधवारी सकाळी सहाला एका शब्दात सांगता आलं असतं.

कर्टिसचा फोन लगेच. या वेळी तो ओरडला नाही, तेच जास्त वाईट.

"तू काय केलंस कळतंय का तुला? आज आपल्या घाबरगुंडीचीच बातमी होणार."

"घाबरायला हवंच आहे."

"ते ठरवणं तुझं काम नाही. तुझं काम मोजणं."

"मोजूनच सांगितलं."

"लॅपटॉप कचेरीत ठेव आणि घरी जा. आपल्या माणसांच्या यादीतून तुझं नाव काढतोय मी."

तिने लॅपटॉप ठेवला. घरी नाही गेली, रोसाल्बाच्या प्रचाराच्या खोलीवर गेली. दुपारपर्यंत टीव्हीवर तेच, निळ्यांच्या गोटात गोंधळ, आकडेबाईची माघार. कोणीतरी तिच्या गाडीच्या काचेला चिठ्ठी लावली, त्यात घातकी लिहिलं होतं, आणि ते लाल माणसाचं काम नव्हतं. पण शनिवारी सकाळी हॉटेलांतल्या बावीस बायका आल्या. आवरणाऱ्या, धुणं करणाऱ्या, दोन स्वयंपाकघरातल्या. त्या बुधवारी प्रचार सोडून घरी गेल्या होत्या, जिंकलोच आहोत म्हणून. त्यांच्यातल्या सगळ्यात थोराड बाईने मार्लिसकडे बघितलं आणि रोसाल्बाला विचारलं, "हीच का ती?"

"हीच."

"चालता तरी येतं का हिला?"

"हळूहळू येतं."

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. चार दिवस. मार्लिसच्या पायाला फोड आले, मग ते फुटले. केल्सीच्या दारावर ती दोनदा गेली, दोन्ही वेळा घरी कोणी नव्हतं.

मंगळवारी पहिली मोजणी झाली तेव्हा रोसाल्बा चारशे नव्वदने मागे होती. मग पोस्टाच्या मतपत्रिका. इथे मंगळवारचा शिक्का असेल तर पुढचे चार दिवस येणाऱ्याही धरतात, त्यामुळे मोजणी रोज थोडी थोडी, थेंबाथेंबाने. बुधवारी तीनशे दहा. गुरुवारी एकशे पासष्ट. गुरुवारी रोसाल्बाची रजा संपली, ती कामावर गेली. शुक्रवारी शंभराच्या आत. शनिवारी अकरा वाजता शेवटचा आकडा आला. सत्तावन्न. सत्तावन्न मतांनी रोसाल्बा पडली.

कर्टिस जिच्यासाठी आला होता त्या देशपातळीवरच्या जागेलाही काउंटी लालांकडे गेली, साडेतीनशे मतांनी. त्यावरून कर्टिसचा निरोप आला मार्लिसच्या फोनवर, की तुझा दुसरा आकडा जवळजवळ बरोबर आला, भारी आहेस, पुढच्या निवडणुकीआधी बोलू. तिने वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला.

हॉटेलच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, कामगारांना बसायला एक बाक आहे. साडेबाराला रोसाल्बा तिथे गणवेशात बसली होती, फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच खात. मार्लिस येऊन शेजारी बसली. रोसाल्बाने अर्धं तोडून दिलं.

"सत्तावन्न," रोसाल्बा म्हणाली. "एका मजल्यावर चौसष्ट खोल्या असतात माझ्या."

मार्लिस चावत राहिली.

"तुझ्या आईला कुठे धरलंस त्या नव्या हिशेबात?"

"सगळ्यांसारखंच. दोन तृतीयांश आपली, एक तृतीयांश त्यांची."

"डोकं कुठल्या भागात?"

"डोकं तिचं तिच्याकडेच आहे."

दोघी हसल्या. थकलेल्या माणसांचं हसू असतं ना, नाकातून येतं नुसतं, तसं. मग रोसाल्बाने हात झटकले.

"एक विचारते. आकडा नको. हो की नाही तेवढं सांग. बुधवारी ती माणसं गेली नसती तर?"

मार्लिसने ते चार रात्री जागून घरच्या जुन्या कंप्युटरवर काढलं होतं. बुधवार ते शुक्रवार ज्या दारांवर जायचं ठरलं होतं त्यांतली अकराशे चाळीस वाजलीच नाहीत, त्यांतल्या कितीजणांनी मतच दिलं नाही, किती पोरं, कुठल्या इमारती. तिने पाच तऱ्हांनी मोजून बघितलं होतं. पाचही उत्तरं आजच्या सत्तावन्नच्या वर होती. तिच्या धंद्यात अशा वेळी म्हणायला एक सोयीचं वाक्य असतं, नक्की सांगता येत नाही, आणि ते खोटंही नसतं.

"जिंकली असतीस," ती म्हणाली.

रोसाल्बाने मान डोलावली. फॉइलचा तुकडा तिने मांडीवर सपाट केला, घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"मला वाटलं तू म्हणशील सांगता येत नाही."

"म्हणणार होते."

"मी मानलं असतं."

"माहितीये."

रोसाल्बाच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. नवव्या मजल्यावर दोन खोल्या लवकर हव्यात, पाहुणे खाली येऊन बसलेत. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, वॉकीत म्हणाली, येतेय. चार पावलं दारापर्यंत गेली, खांद्याने दार ढकलून तशीच उभी राहिली, पाठमोरी.

"मी तीनला सुटते."

"बरं."

"थांबणार आहेस का?"

"थांबते."

"बोलायचं नाही मला आज तुझ्याशी," रोसाल्बा म्हणाली. "पण बसने नाही जायचं मला घरी."

दार हळूहळू मिटलं. मार्लिसने गाडीची किल्ली पर्समधून काढून हातात घेतली आणि तिथेच बसून राहिली, अडीच तास होते अजून.